एनफिल्ड रायफल आणि शिपायांचे शस्त्रप्रशिक्षण : आधुनिकीकरण व विश्वास (१८५३ ते १९१४)

प्रस्तावना :

लष्कराच्या आधुनिकीकरणाचा विचार बहुधा शस्त्रांच्या संख्येच्या व क्षमतेच्या अंगाने केला जातो. परंतु नवे शस्त्र सैनिकाच्या हाती येते तेव्हा त्याच्या हातांच्या सवयी बदलाव्या लागतात, आणि त्या कोणाच्या शब्दावर बदलायच्या हा प्रश्नही त्याच वेळी उभा राहतो. १८५७ च्या उठावाच्या कारणमीमांसेत चरबीयुक्त काडतुसांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. मात्र ही काडतुसे एका व्यापक प्रशिक्षणयोजनेचा भाग होती, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार शस्त्रांचे आधुनिकीकरण व रायफल हाताळणीचे प्रशिक्षण या दृष्टीने केला आहे.

ब्राउन बेस ते एनफिल्ड :

कंपनीच्या शिपायांच्या हाती अनेक दशके 'ब्राउन बेस' या नावाने ओळखली जाणारी गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक होती. सुमारे शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. त्यामुळे शिपायाला वैयक्तिक नेमबाजीपेक्षा हुकुमासरशी सर्वांनी एकाच वेळी बार काढण्याची कवायत शिकविली जात असे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीने हे चित्र पालटले. तिच्या नळीत पीळदार खोबणी होत्या. पोकळ बुडाची गोळी बार उडताच फुगून या खोबणींत घट्ट बसे व फिरत बाहेर पडे. परिणामी कित्येक शे यार्डांवरील लक्ष्याचा वेध घेणे शक्य झाले. अर्थात त्यासाठी डोळ्यांनी अंतर जोखणे, त्यानुसार नेमाची पट्टी खाली-वर करणे व श्वास रोखून चाप ओढणे ही कौशल्ये प्रत्येक शिपायाने आत्मसात करणे आवश्यक होते. इंग्लंडमध्ये हाइथ येथे १८५३ मध्ये याच हेतूने नेमबाजीची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानात दमदम, अंबाला व सियालकोट येथे प्रशिक्षण केंद्रे उघडण्यात आली. निरनिराळ्या पलटणींतील निवडक शिपायांनी तेथे शिकून आपापल्या पलटणीत परतावे व इतरांस शिकवावे, अशी योजना होती.

काडतूस आणि कवायत :

एनफिल्डचे काडतूस म्हणजे दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदी नळी होय. तिचे टोक दाताने तोडून दारू नळीत ओतावी, मग गोळी गजाने ठासावी, अशी कवायत होती. जुन्या बंदुकीचे काडतूसही दातानेच तोडले जाई. परंतु एनफिल्डची गोळी नळीत सहज सरकावी म्हणून कागदाच्या गोळीकडील टोकास वंगण लावणे भाग होते. या वंगणात मेण व जनावराची चरबी होती. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा करण्यात आली नव्हती. वास्तविक १८५३ मध्येच कर्नल टकर यांनी वंगणाच्या घटकांविषयी खात्री झाल्याखेरीज अशी काडतुसे देशी शिपायांस देऊ नयेत, असा इशारा दिला होता. तो दुर्लक्षित राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथील एका खलाशाच्या बोलण्यातून चरबीची वार्ता पसरली. सरकारने तातडीने पावले उचलली. वंगणाविना काडतुसे द्यावीत व शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण लावावे, असा निर्णय २७ जानेवारीस झाला. मार्चमध्ये काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची सुधारित कवायतही मान्य झाली. तांत्रिक दृष्टीने पाहता आक्षेपाचे मूळ येथे दूर झाले होते. तरीही संशय वाढतच गेला. कवायतच बदलली, त्या अर्थी पूर्वी काहीतरी काळेबेरे असलेच पाहिजे, असा निष्कर्ष काढणे शिपायांना स्वाभाविक वाटले. बऱ्हाणपूरशी नामसाधर्म्य असलेल्या बंगालमधील बहरामपूर येथे २६ फेब्रुवारी रोजी १९ व्या पलटणीने नाकारलेली काडतुसे तर जुन्या बंदुकीची होती. केवळ त्यांच्या कागदाचा वेगळेपणा शंकेस पुरेसा ठरला.

प्रशिक्षणार्थी शिपायांची कोंडी :

या प्रकरणात सर्वाधिक अडचण झाली ती नवे तंत्र शिकावयास गेलेल्या शिपायांची. मार्चमध्ये अंबाला येथे ३६ व्या पलटणीतील दोन देशी अंमलदारांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी ख्रिस्ती झाल्याबद्दल हिणविले. केंद्रातील प्रशिक्षक कॅप्टन मार्टिनो यांनी ही बाब वरिष्ठांस कळविली. आज्ञा मोडावी तर शिक्षा, पाळावी तर स्वजातीचा बहिष्कार, अशी ही कोंडी होती. सरसेनापती अॅन्सन यांनी काही काळ गोळीबाराचा सराव थांबविला. परंतु माघार म्हणजे दोषाची कबुली ठरेल, असे गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचे मत पडले. एप्रिलच्या मध्यास सराव पुन्हा सुरू झाला.

मेरठ येथे २४ एप्रिल रोजी कर्नल कारमायकेल-स्मिथ यांनी काडतूस हाताने फाडण्याची नवी रीत दाखविण्यासाठी तिसऱ्या घोडदळातील ९० स्वारांची कवायत बोलावली. त्यांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी उठाव झाला. याच काळात उत्तरेकडे निघालेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनाही महूच्या वाटेवर शिपायांकडून काडतुसांची हकिगत ऐकावयास मिळाली. 'माझा प्रवास' या त्यांच्या ग्रंथामुळे ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

उठावोत्तर धोरण :

उठावात शिपायांच्या हाती मुख्यत्वे जुन्याच बंदुका होत्या. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेहपूर येथील विजयाचे श्रेय देताना हॅवलॉक यांनी एनफिल्ड रायफलीचा उल्लेख केला. ज्या शस्त्राचे शिक्षण शिपायांना द्यावयाचे होते, तेच आता त्यांच्याविरुद्ध निर्णायक ठरत होते. पुढे पील आयोगाच्या काळात सैन्याची पुनर्रचना झाली व डोंगरी तोफखान्यासारखे अपवाद वगळता तोफा युरोपियनांकडे राहिल्या. देशी पलटणींना दिसावयास एनफिल्डसारखी, पण पीळ नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली. बाह्य रूप आधुनिक, क्षमता मात्र जुनी, असा हा प्रकार होता.

यानंतर देशी सैन्य शस्त्रांच्या बाबतीत एक पिढी मागे ठेवण्याचा प्रघात पडला. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात गोऱ्या पलटणींजवळ मार्टिनी-हेन्री, तर देशी पलटणींजवळ जुनी स्नायडर रायफल होती. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये लीमेटफोर्ड ही मॅगझिन रायफल स्वीकारल्यानंतरही देशी पलटणी दीर्घकाळ एकबारी मार्टिनीवरच राहिल्या.

या धोरणाची किंमत सैनिकांना मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंतर कमी झाले, पण पूर्णपणे मिटले नाही. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजन मार्सेल बंदरात उतरू लागली, तेव्हा जुन्या रायफली घेऊन नव्या नमुन्याच्या रायफली व नवी काडतुसे देण्यात आली. सरावासाठी अत्यल्प अवधी मिळाला. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच या तुकड्या यीप्रच्या आघाडीवर लढत होत्या.

समारोप :

१८५७ पूर्वी सरकारने शिपायाच्या हाती नवे शस्त्र दिले, पण त्याला विश्वासात घेतले नाही. १८५७ नंतर अविश्वासापोटी नवे शस्त्रच रोखून धरले. दोन्ही धोरणांत शिपाई हा आज्ञा पाळणारा हात मानला गेला; विचार करणारा, समाजात परतणारा माणूस मानला गेला नाही. वंगण बदलण्यास एक आदेश पुरला. गमावलेली खात्री कोणत्याही आदेशाने परत आली नाही. शस्त्राची निवड करताना ते हाताळणाऱ्याची शंका आधी ऐकून घेणे हादेखील प्रशिक्षणाचाच भाग आहे, हा एनफिल्ड प्रकरणाचा लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचा बोध होय.