दिवसा नोकरी, रात्रीं विद्या

करी रोड स्थानकावर सकाळीं नऊच्या सुमारास जो लोंढा उतरतो, त्यांतील पुष्कळ लोक लोअर परळच्या कचेऱ्यांकडे वळतात. कमला, फिनिक्स हीं नांवें एके काळीं गिरण्यांचीं होतीं. आज त्याच जागीं कचेऱ्या, दुकानें आणि उपाहारगृहें आहेत. या लोंढ्यांत असेहि तरुण-तरुणी असतात, कीं जे गाडीच्या गर्दींत उभ्यानें मोबाइलवर अर्थशास्त्राचें किंवा व्यवस्थापनाचें व्याख्यान ऐकतात. दिवसभर नोकरी करावयाची आणि रात्रीं घरीं बसून ऑनलाइन पद्धतीनें एम. ए. किंवा एम. कॉम. व्हावयाचें, हा त्यांचा बेत. साधन नवें आहे. बेत मात्र या वस्तीला नवा नाहीं. करी रोड, लालबाग आणि परळ या गिरणगांवांत राबत राबत शिकण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, नोकरदाराच्या शिक्षणांत शाळेपेक्षांहि मोठी अडचण असते ती वेळेची.

हें ज्यांनीं प्रथम ओळखलें, त्यांत जोतीराव फुले यांची गणना केली पाहिजे. १८५५ सालीं त्यांनीं पुण्यांत, आपल्या राहत्या घरीं, दिवसा मजुरी करणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत हाच प्रश्न दुसऱ्या टोंकानें हातीं घेतला. गिरणी-कामगाराला आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी, अशी मागणी त्यांनीं १८८४ सालीं पुढें मांडली. आणि १८९० च्या जूनमध्यें गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. एकानें शाळा दिली, दुसऱ्यानें दिवस मिळवून दिला. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावांचून कामगाराच्या हातीं पाटी टिकत नाहीं.

त्या काळचे कामाचे तास पाहिले म्हणजे हें अधिक पटतें. विजेचे दिवे आल्यावर, १९०५ च्या सुमारास, मुंबईच्या कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. चाळीच्या खोलींत परत आलेल्या माणसाला अक्षर दिसावें तरी कसें? १९११ च्या कायद्यानें कापडगिरणींतील पुरुषांचे तास बारांवर आणले. त्याच सालीं नारायण मल्हार जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली आणि कामगारवस्तींत रात्रशाळा व वाचनालयें उघडलीं. पुढें १९२२ मध्यें अकरा तास, १९३४ मध्यें दहा आणि १९४८ मध्यें नऊ तास, तर आठवड्याला अठ्ठेचाळीस, अशी मर्यादा कायद्यानें उतरत गेली. सुटलेला प्रत्येक तास कोणी विश्रांतीस दिला, कोणी भजनास, कोणी तालमीस. आणि कोणी कंदिलाजवळ पुस्तक उघडून बसला.

परळच्या बी. आय. टी. चाळींत अनेक वर्षें राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या अडचणीचा स्वानुभव होता. शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळें १९१७ सालीं लंडनचा अभ्यास त्यांना अर्धा सोडावा लागला. १९१८ ते १९२० या काळांत सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला आणि पुन्हां लंडन गांठून अपुरा अभ्यास पुरा केला. १९४६ च्या जूनमध्यें त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलें, तेव्हां नोकरी करणाऱ्यांना येतां यावें म्हणून वर्ग सकाळीं भरविण्याची सोय ठेवली. विद्यार्थ्यानें कॉलेजच्या वेळेस जुळवून घेण्याऐवजीं कॉलेजनें विद्यार्थ्याच्या वेळेस जुळवून घेतलें, हा त्यांतील विशेष होय.

याच गिरणगांवांत वाढलेले कवि नारायण सुर्वे यांचें उदाहरणहि विसरतां येत नाहीं. त्यांनीं गिरणींत काम केलें, शाळेंत शिपायाचें काम केलें आणि मोठेपणीं परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. १९६६ सालीं निघालेल्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनीं ‘माझे विद्यापीठ’ असें नांव दिलें.

यानंतर विद्यापीठ स्वतःच टपालानें घरीं येऊं लागलें. मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८९ सालीं नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. १९८२ चा संप आणि त्यामागून बंद पडत गेलेल्या गिरण्या यांमुळें अनेक घरांतील मुलांना शिक्षण आणि मिळकत एकदमच शोधावी लागली. अशांना या वाटा उपयोगी पडण्यासारख्या होत्या. २०२० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे विनियम काढले. मान्यताप्राप्त संस्थेंतून अशा रीतीनें मिळविलेली पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं त्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें.

शाळा अशी हातांत आली. पण तासांचें काय? इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या हिशेबानें एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांत घ्यावयाची, तर २४०० तास झाले. म्हणजे आठवड्यास सुमारें तेवीस. नोकरीचे अठ्ठेचाळीस तास त्यांत मिळविले, तर बेरीज एकाहत्तर होते. हा आंकडा १९२२ च्या कायद्यानें गिरणी-कामगारास घातलेल्या साठ तासांच्या मर्यादेच्याहि वर जातो, आणि यांत गाडीचा प्रवास धरलेला नाहीं!

हे तेवीस तास आकाशांतून पडत नाहींत. ते झोपेंतून येतात, रविवारांतून येतात; आणि पुष्कळदां घरांतील दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांतून येतात. नवरा अभ्यासास बसला कीं त्याचीं कामें बायको करते. बायको विद्यार्थिनी असेल, तर स्वयंपाक उरकल्यावरच तिचें पुस्तक उघडतें. म्हणून ज्या घरांत असा विद्यार्थी आहे, त्या घरानें कामांची वांटणी आधींच उघडपणें करावी. दोन वर्षांचा अभ्यास अधिक मुदतींत पुरा करण्याची मोकळीक मुक्त विद्यापीठें देतात. ती घेण्यांत कमीपणा मानूं नये. आणि नोकराच्या नव्या पदवीचा लाभ ज्या कचेरीला मिळणार, तिनेंहि परीक्षेच्या दिवसांत चार दिवस मोकळे देण्यास का-कूं करूं नये.

लोखंडे यांनीं मिळविलेला रविवार विश्रांतीसाठीं होता, तसाच माणसानें आपल्या उन्नतीचा विचार करावा यासाठींहि होता. करी रोडच्या गाडींत कानाला यंत्र लावून उभा असलेला तरुण आज त्याच रविवारचा वारसदार आहे. त्याच्या हातीं शाळा आली आहे. त्याचा रविवार त्याच्या हातीं राहील, एवढें मात्र घरानें आणि कचेरीनें मिळून पाहिलें पाहिजे.