बेवड आणि चुनखडी

कळंब तालुक्यातील येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीचे भाविक रानात चुनखडी वेचतात. विषय श्रद्धेचा, पण ती चुनखडी इथल्या शेतीच्या इतिहासाचाही दाखला आहे. बेसाल्टपासून बनलेल्या मराठवाड्यातील काळ्या जमिनीत चुना मुबलक, आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. म्हणजे जमिनीत ऐवज आहे, पण पिकाच्या हाती लागत नाही.

युरोपात या टंचाईवर उत्तर कारखान्यातून आले. पीक जमिनीतून खनिजे उचलते, हे लीबिगने १८४० मध्ये ठामपणे मांडले. १८४२ मध्ये लॉजने सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले. आपल्याकडे गोणी येण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्याजवळ एक शब्द होता : बेवड. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत मागे ठेवलेला गुण, तो बेवड. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्यांचे. कारण मात्र ठाऊक नव्हते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र वापरतात, हे १८८६ मध्ये हेल्रीगेलने दाखवले आणि अर्धे कोडे सुटले.

उरलेले अर्धे स्फुरदाचे. कळंब पूर्वी ज्या संस्थानात होते, त्याची राजधानी हैदराबाद. त्या शहराजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये ‘इक्रिसॅट’ ही संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे आए, अरिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीच्या मुळांचा अभ्यास केला. तो १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाशी बांधलेला स्फुरद तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून मोकळा करतात, असे त्यांना आढळले.

पण इथे घाई करू नये. लोहाशी बांधलेल्या स्फुरदाची अडचण प्रामुख्याने तांबड्या जमिनीची. कळंबच्या काळ्या रानात गाठ चुन्याची, आणि ती सोडवण्यात हरभरा वाकबगार : त्याची मुळे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलेच आम्ल, पाझरतात. स्फुरद मातीत फारसा सरकत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावे लागते. म्हणून टंचाईत अनेक झाडे केसमुळे वाढवतात, काही वरच्या थरात आडवी पसरतात, तर बहुतेक पिके बुरशीच्या तंतूंशी भागीदारी करतात. या भागीदारीला १८८५ मध्ये फ्रांकने ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. एका अर्थी बेवड हा या सगळ्या भूमिगत खटाटोपाचा जमाखर्च आहे.

आज खरिपात सोयाबीनचा विस्तार झाला आहे आणि पेरणीबरोबर डीएपीची गोणी रिकामी होते. त्यातला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन रानातच अडकतो. देशाला लागणारा स्फुरद मोठ्या प्रमाणात आयात होतो. तेव्हा परदेशातून पैसे मोजून आणलेला माल आपण जमिनीत कुलूपबंद करतो. त्या कुलपाची किल्ली हरभऱ्याच्या मुळाशी आहे, म्हणून फेरपालट हा जुन्या काळाचा हळवेपणा ठरत नाही.

मात्र बेवडाचे देव्हारे माजवणेही चूक. मूळ स्फुरद मोकळा करते, निर्माण करत नाही. धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर तो कळंबच्या बाजार समितीत जातो आणि रानाबाहेर पडतो. शेणखत, पाला, भुसकट रानात परत गेले, तरच हा हिशेब काही अंशी जुळतो. जुन्या शेतकऱ्याकडे बेवड आणि उकिरडा दोन्ही होते. आपण पहिल्याचे गुणगान करतो आणि दुसऱ्याला विसरतो.