पाणी निवेपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याचा तलाव म्हणजे निवांतपणाचा अर्क. शेजारी नागझिऱ्याचं जंगल, आणि पाणी असं गुळगुळीत, की बगळा उडाला तरी तलाव बराच वेळ त्याचा विचार करत राहतो. असं पाणी दिसलं की तुम्ही-आम्ही फार तर चहा मागवू. विक्रमवीराचा हात मात्र घड्याळाकडे जातो!

डोनाल्ड कॅम्बेल हा इंग्रज त्यातलाच. १९६४ या एकाच वर्षात त्याने जमिनीवर ताशी ४०३ आणि पाण्यावर २७६ मैलांचा विक्रम केला. तेवढ्यावर भागलं असतं, पण ३०० चा आकडा खुणावत होता. नियम असा, की तासाभरात एकदा जायचं, एकदा यायचं आणि सरासरी धरायची. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टनच्या तळ्यावर तो २९७ च्या वेगाने गेला, आणि स्वतःच्याच बोटीने उठवलेलं पाणी निवण्याआधी परत फिरला. बोट हवेत उलटली. कारणांवर जाणकार अजून वाद घालतात. कॅम्बेलचा देह मात्र थेट २००१ मध्ये सापडला.

रिचर्ड नोबलने १९५२ मध्ये, सहाव्या वर्षी, लॉक नेसच्या काठी जॉन कॉबची जेट बोट पाहिली. कॉब त्याच मोहिमेत गेला. शहाण्या पोराने यातून पाण्याची धास्ती घ्यायची. याने वेगाचं वेड घेतलं. पुढे आपली मोटार विकून जेट गाडी बांधली, ती १९७७ मध्ये कोलांट्या खाऊन मोडीत गेली. मग गड्याने जाहीरच केलं: ताशी ६५० मैल धावणारी गाडी आखणारा पाहिजे! (अनुभवाची अट घातली असती, तर अर्ज कुणाचा येणार होता?) जॉन अ‍ॅक्रॉइड मिळाला, आणि ४ ऑक्टोबर १९८३ रोजी नेवाडाच्या वाळवंटात नोबलने ६३३ मैल गाठले.

पण त्याचं खरं मोठेपण पुढचं. ध्वनीला मागे टाकणाऱ्या गाडीत तो स्वतः बसलाच नाही. चाक अँडी ग्रीन या वैमानिकाच्या हाती दिलं आणि आपण पैशांची नि माणसांची जुळवाजुळव पत्करली. १३ ऑक्टोबर १९९७ रोजी दोन्ही फेऱ्यांत ध्वनी मागे पडला, पण परतीची फेरी मुदतीपेक्षा मिनिटभर उशिरा झाली. विक्रम बाद! १५ तारखेला तासाच्या आत ७६३ मैल झाले.

दोन दिवसांचा उशीर झाला, पण गाडी शाबूत होती आणि आत बसणाराही. अशा मोहिमेचा म्होरक्या तोच, जो परवा पुन्हा निघता येईल एवढं आज शिल्लक ठेवतो.