बुद्ध्यांकाचा आकडा ही नवी जात होऊ देऊ नका

आमच्या पालीतल्या (जि. बीड) एका ऊसतोड कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा. अर्धं वर्ष शाळेत, अर्धं वर्ष आईबापाबरोबर उसाच्या फडात. वर्गात एका जागी बसत नाही, वही हरवतो, सांगितलेलं अर्ध्यातच विसरतो. गुरुजींनी निकाल दिला, "या लोकांच्या पोरांचं डोकंच चालत नाही." तपासणीत एडीएचडी निघालं. अहवालात बुद्ध्यांक 86. आईने मला विचारलं, "ताई, लेकरू मतिमंद हाय का?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

1905 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. हेतू एकच होता, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करायची. बुद्धी जन्मजात आणि कायमची ठरलेली असते हे बिनेला मान्य नव्हतं. 1911 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या स्टर्नने मानसिक वय भागिले खरं वय असा 'बुद्ध्यांक' काढला, आणि अमेरिकेत मदतीचं साधन माणसांची उतरंड लावायला वापरलं गेलं. 1923 मध्ये ब्रिगहॅमने सैनिकांच्या चाचण्यांवरून गोरे वर आणि काळे खाली असं पुस्तकच लिहिलं. 1930 मध्ये त्यालाच आपले निष्कर्ष निराधार असल्याचं कबूल करावं लागलं. पण तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

याच काळात, 1913 ते 1916, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. 'मानसिक चाचणी' हा शब्दप्रयोग रूढ करणारे कॅटेल तेव्हा तिथेच प्राध्यापक होते. वंशाच्या नावाने माणसं तोलण्याचा तो काळ. पुढे 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी रक्तशुद्धीच्या नावाने होणारं जातीचं समर्थन धुडकावून लावलं. आज 'गुणवत्ता' म्हणून आरक्षणाविरुद्ध जे बोललं जातं, त्याचं मूळ याच विचारात आहे.

आपल्याकडे 1930 च्या दशकात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. 1969 मध्ये नागपूरच्या मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी आली. दोन्ही चाचण्या अजून दवाखान्यांत वापरल्या जातात. परक्या भाषेतल्या चाचणीपेक्षा हे बरंच. पण बुद्ध्यांक म्हणजे इतर मुलांशी केलेली तुलना असते. मग विचारायला हवं, ती इतर मुलं कोण? 1927 मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाची किती लेकरं तेव्हा शाळेच्या बाकावर होती?

आता त्या मुलाचा अहवाल उघडू. सामान्य ज्ञान आणि आकलन यांत तो शंभरच्या पुढे. ऐकलेले अंक ध्यानात ठेवणं आणि घड्याळ लावून चिन्हं उतरवणं यांत पंचाहत्तरच्या आसपास. एडीएचडीत अनेकदा नेमकं हेच दिसतं. समज शाबूत असते, पण क्षणभर लक्षात धरण्याची क्षमता आणि कामाचा वेग मार खातो. सगळ्यांची गोळाबेरीज केली की 86 उरतो, आणि मुलाची ताकद आणि अडचण दोन्ही त्या आकड्याखाली गाडली जातात. वर अर्धं वर्ष बुडालेली शाळा. 86 म्हणजे मतिमंद नव्हे, हे मी त्या माउलीला सांगितलं.

म्हणून काय, चाचण्या फेकून द्यायच्या? नाही. तपासणी झाली नसती तर गुरुजींचा निकालच कायम राहिला असता. त्याला आधाराची गरज आहे हे याच कागदाने दाखवलं. साथींनो, अहवाल हातात आला की एवढं करा :

1. एका आकड्यावर थांबू नका, प्रत्येक उपचाचणीचे गुण मागा.
2. चाचणी कोणत्या भाषेत झाली, मूल त्या दिवशी उपाशी, झोपाळलेलं किंवा घाबरलेलं होतं का, हे विचारा.
3. बुद्ध्यांकावरून एडीएचडी ठरत नाही. घर आणि शाळा दोन्हीकडच्या वागण्याचा इतिहास तज्ज्ञांना सांगा.
4. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. लिहिण्यावाचण्यातही अडचण असेल तर तीही तपासून घ्या.

जन्मावरून लायकी ठरवणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी महाडला जाळली. तोच निकाल आता दवाखान्याच्या कागदावरून कुणी वाचू लागलं, तर तो कागद आधी आपण नीट वाचायला शिकू. शिका, यात हेही आलं.

जयभीम! नमो बुद्धाय!