फिटन

जुन्या काळी मुंबई-पुण्याची श्रीमंत मंडळी हवा खायला निघत ती फिटनमधून. फिटन म्हणजे चार चाकांची, हलकी, उघडी घोडागाडी. शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण मुळात तो ग्रीक. फेथॉन, म्हणजे ‘तळपणारा’, हा सूर्यदेव हेलिओसचा मुलगा. एक दिवस हट्टाने बापाचा रथ मागून घेतला. घोडे आवरेनात, पृथ्वी होरपळू लागली. शेवटी झ्यूसने वज्र टाकून त्याला खाली पाडले. (आपल्या सूर्याने लगाम अरुणाकडे सोपवला ते बरेच केले!) अशा पोराचे नाव वाहनाला द्यायचे, हा साहेबी विनोदच.

घोडे गेले, नाव ‘फेटन’ होऊन मोटारीला चिकटले. अमेरिकेत १९२८ साली आलेल्या ड्यूसेनबर्ग ‘मॉडेल जे’ची नीट जीर्णोद्धार केलेली फेटन पाहावी: कापडी टप मागे दुमडलेला, आणि कित्येक गाड्यांत मागच्या बैठकीपुढेही वारा अडवणारी वेगळी काच. विंटेज मेळाव्यात लोक तिला सरसकट ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. ते चूक. कन्व्हर्टिबलच्या दारांना वर-खाली होणाऱ्या काचा असतात. अस्सल फेटनच्या दारांना काचाच नसतात.