राजयक्ष्मा, भाऊबंदकी आणि एक अक्षर

पुण्याहून नाशिककडे निघालें म्हणजे जुन्नर तालुक्यांत, मीना नदीच्या कांठीं, नारायणगांव लागतें. जवळच्या नारायणगडाची बांधणी पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या काळची मानली जाते. या रस्त्याच्या एका टोकास शनिवारवाडा. दुसऱ्या टोकास, नाशिकजवळ गोदेच्या कांठीं, आनंदवल्ली व गंगापूर. आनंदवल्लीशीं रघुनाथराव व आनंदीबाई यांचें नांव जोडलेलें आहे. गंगापुरास माधवराव व नारायणराव यांची आई गोपिकाबाई जाऊन राहिली होती. बाळाजी विश्वनाथांचें घराणें पुढें या दोन टोकांमध्यें दुभंगलें.

श्रोतेहो, एक खून, एक घराणें आणि एक असाध्य रोग, एवढी सामग्री रहस्यकादंबरीकारास पुरेशी असते. मराठ्यांच्या इतिहासांत ही सामग्री १७७२ व १७७३ या दोन सालांत एकत्र आली. त्या कथेंतील खुनाविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. रोगाविषयीं फार थोडें.

१७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें, जूनमध्यें नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आलें. चुलते रघुनाथराव शूर होते, परंतु सत्तेचे अभिलाषी होते. १७६२ सालीं आळेगांवीं त्यांची सरशी झाली, तेव्हां माधवराव आपण होऊन त्यांच्या स्वाधीन झाले. १७६८ सालीं धोडप येथें पारडें फिरलें आणि रघुनाथराव शनिवारवाड्यांत नजरकैदेंत आले. एवढें वैर होऊनही दोघांपैकीं कोणीं दुसऱ्याचा जीव घेतला नाहीं. माधवरावांचा दरारा आणि त्यांनीं पाळलेली मर्यादा यांनीं घर सांवरून धरलें होतें.

हा आधार राजयक्ष्म्यानें, म्हणजे क्षयानें, पोखरला. त्या काळीं क्षयावर इलाज नव्हता. त्याचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला आणि स्ट्रेप्टोमायसिन हें गुणकारी औषध १९४३ सालीं हातीं आलें. थेऊरास चिंतामणीच्या सान्निध्यांत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवरावांचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. अखेरच्या दिवसांत त्यांनीं चुलत्यांस जवळ बोलावून धाकट्या भावाचा हात त्यांच्या हातीं दिला, असें ग्रँट डफनें नोंदलें आहे. ज्याच्यापासून भय, त्याच्याच पदरांत भावास घालण्यावांचून त्या रुग्णाजवळ दुसरा उपाय उरला नव्हता.

नारायणराव तेव्हां सतरा वर्षांचे होते. कांहीं महिन्यांतच चुलत्यांवर पुनः पहारे बसले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, भाद्रपदांत, थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी वाड्यांत घुसले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. तुळाजी पवार त्यांना सामील. नारायणराव धांवत जाऊन चुलत्यांच्या गळां पडले, पण तेथेंही वांचले नाहींत. त्यांना झांकूं पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही कापला गेला.

तपास रामशास्त्री प्रभुणे यांनीं केला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं दिलेल्या माहितीप्रमाणें दोषी ठरलेल्यांची संख्या सुमारें पन्नास होती आणि त्यांत गारद्यांखेरीज ब्राह्मण व मराठे नोकरही होते. म्हणजे कट वाड्याच्या आंतच शिजला होता. गारद्यांस आपण धरण्याची आज्ञा दिली, मारण्याची नव्हे, असें रघुनाथरावांचें म्हणणें. मूळ कागदावर ‘धरावें’चें ‘मारावें’ झालें होतें, आणि तो फेरफार आनंदीबाईचा अशी सार्वत्रिक समजूत होती, असें ग्रँट डफ १८२६ सालीं लिहितो. हाच तो ‘ध’चा ‘मा’.

येथें आपण जरा थांबून विचार करावा. त्या अक्षराची कथा जशीच्या तशी खरी धरली, तरी ती रघुनाथरावांस निर्दोष ठरवीत नाहीं. ज्यांचा पगार तुंबला आहे अशा हत्यारबंद शिपायांस गादीवरील मुलास धरण्याची आज्ञा देणें हाच अपराध. आणि पायाशीं आलेल्या पुतण्यास न वांचविणें हा दुसरा. ग्रँट डफनेंही या वर्तनावर नेमकें बोट ठेवलें आहे. रामशास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें तें रघुनाथरावांना, त्यांच्या पत्नीस नव्हे. आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या खेड्यांत गेले. न्यायाधीशानें पतीकडे बोट दाखविलें, लोकांनीं मात्र पत्नीकडे. घरांतील पुरुषांचा कलह एका बाईच्या लेखणीवर लोटणें सोपें होतें, म्हणून म्हणींत तीच राहिली.

परिणाम घराबाहेरही पसरले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवून बारभाईंनीं कारभार हातीं घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या मार्चमध्यें सुरतेचा तह झाला आणि तेथून पेटलेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानें थांबलें. परक्या सत्तेस पुण्याच्या गादीच्या तंट्यांत शिरण्यास वाट मिळाली ती अशी.

नाटककारांनीं या कथेचे दोन तुकडे केले. विनायक जनार्दन कीर्तने यांनीं १८६१ सालीं थोरल्या माधवरावांवर नाटक लिहिलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ १९०९ सालीं आलें. एकांत रोगशय्या, दुसऱ्यांत खुनानंतरचा न्याय. इतिहास वाचतांना मात्र हे तुकडे पुनः जोडून घ्यावे लागतात. गारद्यांची तलवार १७७३ च्या भाद्रपदांत चालली. तिला अडविणारा हात आदल्या कार्तिकांतच थेऊरास गळून पडला होता. ज्या राज्याची शांतता एकाच माणसाच्या प्रकृतीवर टेकलेली असते, तेथें वैद्यानें हात टेकले कीं राज्यालाही धोका असतो. आनंदीबाईच्या अक्षराची चर्चा करतांना हें कारण आपण विसरूं नये.