मुगभाट आणि श्रावणघेवडा

कांदेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे गिरगावकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाट म्हणजे बागायतीची जमीन. इंग्रजी दप्तरांत पोर्तुगीजांच्या 'होर्ता' शब्दावरून तिला 'ओआर्ट' म्हणत. मुगभाट हे नाव मुगाच्या लागवडीवरून पडले असे सांगतात, व मला ते पटते.

पुढे १८५४ साली मुंबईत कापडाची पहिली गिरणी निघाली, परळ-लालबागेत धुराडी उभी राहिली. १८९६ची प्लेगाची साथ आली आणि १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने दादर-माटुंग्यास वसाहती आखल्या. शेते-वाड्या गेल्या. त्यांच्याबरोबर शेंगांच्या पेरणीचे पंचांगही विस्मृतीत गेले, आणि मला त्याचीच हळहळ अधिक वाटते.

कोकणातील शेतकरी वाल पेरतो तो भातकापणी झाल्यावर, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर. त्या सुमारास पाऊस सरलेला असतो, तणाचा जोर ओसरतो आणि गोगलगाई दडी मारू लागतात. पिकाचे निम्मे रक्षण केवळ वेळ साधल्याने होते.

फरसबीची कथा निराळी. 'फ्रेंच बीन' या इंग्रजी नावाचा हा मराठी अवतार होय. परंतु फ्रान्सशी तिचा जन्मसंबंध मुळीच नाही. तिचे माहेर अमेरिका खंड. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर ती युरोपात गेली व तेथून समुद्रमार्गे आपणाकडे आली. देशावर ती इतकी रुळली की, श्रावणात शेंग हाती येते म्हणून तिला श्रावणघेवडा हे अस्सल मराठी नाव मिळाले. साताऱ्याकडील कोरेगावचा वाघ्या घेवडा तर याच कुळातला. मात्र हे नाव देशावरच्या बेताच्या पावसाचे आहे. मुंबईत वर्षाकाठी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. नावावर विसंबून आषाढात गॅलरीतल्या डब्यांत बी टोचणाऱ्याची रोपे कुजतात. जी वाचतात, ती गोगलगाईंच्या मुखी पडतात.

या गोगलगाईंतील सर्वांत मोठी, शंखी, हीदेखील परदेशीच. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने तिचे जिवंत नमुने मॉरिशसहून कलकत्त्यास आणले, आणि चौरंगीच्या बागांतून तिचा वंश पसरला. एका विद्वानाच्या हौसेचे केवढे हे मोल! एका खेपेस ती शंभराहून अधिक अंडी घालते, आणि कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून पडून राहते. २०२२ साली मराठवाड्यातील सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगाईंनी फस्त केली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

तेव्हा मुंबईत फरसबी लावावयाची, तर पाऊस ओसरल्यावर, आश्विनाच्या सुमारास लावावी. पहिले तीन-चार आठवडे तणाकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे पानांची सावली धरली म्हणजे तण आपोआप दबते. घेवड्याची मुळे उथळ असतात, म्हणून खुरपे खोल घालू नये. लव्हाळा मात्र नुसता उपटून भागत नाही; त्याची गाठ खाली राहिली की तो पुन्हा उगवलाच. शिवाय तणाच्या गारव्यातच गोगलगाई दिवसभर लपतात, त्यामुळे निंदणीने दोन्ही कामे साधतात.

गोगलगाय दिसताच कुंडीत मीठ फेकणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्याने गोगलगाय मरते खरी, पण माती खारावते व रोपही जाते. सायंकाळी ओले गोणपाट झाडांजवळ पसरावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात आणि ते पाणी झाडांपासून दूर ओतावे. उघड्या हाताने त्यांना शिवू नये. माणसास अपाय करणारे कृमी त्यांच्या अंगी असू शकतात. मुलांना तर हे आवर्जून सांगावे.